पाव तासाची पाळी

प्राजक्तानं दोन्ही पाय थंड पाण्याच्या टबात सोडले, मांडीवर पुस्तक उघडलं आणि तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये म्हणाली,

"सलाम काका. वाचतो हं."

पलीकडून नेहमीप्रमाणे उत्तर आलं नाही. एक घोगरा खाकरा आला आणि कुठेतरी काहीतरी हलकेच पडत राहिल्याचा आवाज, टप, टप. तीन आठवडे ती हाच आवाज ऐकत आली होती. म्हाताऱ्या माणसाच्या घरात काय काय वाजत असतं, कोण विचारणार.

दुपारचे पावणेतीन झाले होते. जठारपेठेतल्या त्या दोन खोल्यांमध्ये हीच काय ती वेळ, जेव्हा तिला कोणी हाक मारत नसे. पहाटे साडेचारला उठायचं, क्लासला बाहेरगावाहून आलेल्या पोरापोरींचे सव्वीस डबे भरायचे, ते रवाना करायचे, भांड्यांचा ढीग उपसायचा, धाकट्या खुशीला थोपटून निजवायचं. मोठी प्रतीक्षा सकाळच्या शाळेतून येऊन गृहपाठाला बसलेली असे आणि नवरा रोहित बोअरच्या मोटारी दुरुस्त करत कुठल्यातरी खेड्यात. डोळे मिटले तर थेट अंधारच पडावा, अशी ती वेळ. आणि नेमकी तीच तिनं आपणहून मागून घेतली होती.

चर्चच्या मंडळीतला हा रिवाज जुना. नोव्हेंबर लागला की नाताळापर्यंत अकोल्याच्या आणि अमरावतीच्या घरांमधून बायबल वाचायची साखळी चाले. दर घराला दिवसाचा एक पाव तास. काय वाचायचं ते घरानं ठरवावं, वेळ मात्र मोडायची नाही. आपलं झालं की पुढच्या घरी फोन करून 'आमचं झालं' म्हणायचं, की पुढच्या घरात पुस्तक उघडलं जाई. ज्या म्हाताऱ्यांना आता अक्षर दिसत नाही त्यांना आधीच्या घरानं फोनवर मोठ्यानं वाचून दाखवायचं, म्हणजे दोन्ही घरांची पाळी एकदमच होते. पाळकसाहेबांनी ऑक्टोबरातल्या एका रविवारी विचारलं, "पावणेतीन कोण घेते? अमरावतीच्या शेषराव आप्पांना वाचून दाखवायचं आहे," तर सगळी मंडळी पंख्याकडे पाहायला लागली. जेवण झाल्यावर वऱ्हाडात जागं कोण असतं? तेवढ्यात प्राजक्ताचा हात वर गेला. का गेला ते तिला नीट सांगता आलं नसतं.

सांगता आलं असतं म्हणा, पण लाज वाटत होती. चार वर्षांत तिनं पुस्तक उघडलं नव्हतं. माय होती तोवर दोघी रोज वाचायच्या. माहेर दोन गल्ल्या सोडून होतं आणि माय चहाच्या वेळेला पुस्तक घेऊनच येई. मग एकाच वर्षात माय गेली आणि खुशी आली. आधी एक दिवस राहिला, मग आठवडा राहिला, मग पुस्तक कपाटावर गेलं आणि तिथंच राहिलं. पुढंपुढं तर त्याच्याकडे पाहायचीच भीती वाटू लागली. जवळच्या माणसाकडे बरीच वर्षं गेलो नाही की त्याच्या गल्लीतूनसुद्धा जाववत नाही, तसलं ते झालं होतं. ही पाळी तिच्यासाठी शेवटची संधी होती. हीसुद्धा हातून गेली तर आपण परत कधी उघडायचो नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि झोप तर सोडायला तयार नव्हती. बाईनं काय काय केलं नाही? उभं राहून वाचलं, तर भिंतीला टेकून डुलकी लागली. मिरचीचं बी जिभेवर ठेवलं, तर अर्धा अध्याय नाक पुसण्यात गेला. आज पाण्याचा टब होता.

त्या मंगळवारी तिनं ती छोटी गोष्ट काढली होती, परमुलखातल्या सुनेची. दुष्काळ पडतो, घरातले कर्ते पुरुष जातात, म्हातारी सासू आपल्या गावाकडे परत निघते आणि सून तिचा पदर सोडत नाही. तिथं गेल्यावर खायचं काय? मग सून कापणी करणाऱ्यांच्या मागं मागं फिरत परक्याच्या शेतात सरवा वेचते. प्राजक्ताला सरवा वाचून माहीत नव्हता, हातांना माहीत होता. लहानपणी माय तिला मूर्तिजापूरच्या वाटेवरच्या शेतांत न्यायची. मालकाची ज्वारी उचलून झाली की मागं राहिलेलं कणीस न् कणीस ओटीत गोळा करायचं. धसकटं पायाला टोचायची.

तिचं बोट ओळीवर होतं. पाणी पायांना आता गार लागेनासं झालं होतं. फोनमधून टप, टप येतच होतं आणि त्याच्या आगेमागे पाखरं ओरडत होती, दूरवर कोणीतरी बैलांना हाकारत होतं. शेत काळ्या मातीचं होतं. ऊन असं पसरलं होतं की सावली नावाची वस्तूच नव्हती, तरी भाजत नव्हतं. बाया ओणव्या होऊन पुढं पुढं सरकत होत्या. त्यांच्या मागं एकटी एक बाई. तिचं तोंड दिसत नव्हतं, नुसती भरत आलेली ओटी. ती थकली होती, इतकी थकली होती की प्राजक्ताचीच कंबर दुखायला लागली. बस ना बाई, ती म्हणाली. बस थोडी या धुऱ्यावर, बांधाला टेकून.

"आमेन."

प्राजक्ता दचकली. फोनमधला आवाज म्हाताऱ्याचा होता, खणखणीत. घड्याळात तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. रोज आमेननंतर एक बाई "झालं ताई, ठेवतो" म्हणून फोन बंद करी. शेषराव आप्पांची सून असावी. आज ती काही बोलली नाही. नाक ओढल्यासारखा आवाज आला आणि फोन बंद झाला.

पुस्तक मांडीवर नव्हतं. ते मिटून टबाच्या बाजूला ठेवलेलं होतं आणि प्रतीक्षा वहीतून डोकं वर काढून तिच्याकडे बघत होती.

"पडून राहिलं होतं पाण्यात, म्हणून मी काढून घेतलं," ती म्हणाली. "पण मम्मी, पुस्तक तं बंद होतं. तू कशातून वाचून राहिली होती?"

"मी वाचून राहिली होती?"

"हो. लय वेळ. शेतातलं होतं काही तरी. मी भागाकार करून राहिली होती, मले नाही समजलं."

प्राजक्तानं पाय बाहेर काढले. बोटं सुरकुतून गेली होती. आपण पुस्तक मिटून एका म्हाताऱ्या, आंधळ्या होत चाललेल्या माणसाला पाव तास शास्त्र म्हणून काहीबाही ऐकवलं, हे हळूहळू तिच्या लक्षात आलं आणि ती ओलं पुस्तक फडक्यानं पुसायला लागली. माय म्हणायची, या पुस्तकात आपल्या पदरचा एक शब्द घालायचा नाही अन् त्यातला एक गाळायचा नाही. ओळीवरून बोट फिरवताना मायचं बोट थरथरायचं, पण सुटायचं नाही.

बुधवारपासून तिनं ती गोष्ट सोडलीच. उभं राहून, तोंडावर पाणी मारून, छोटी छोटी स्तोत्रं वाचली. एकेक शब्द चिमटीत धरल्यासारखा. पलीकडे आमेन होत होतं, बाई "झालं ताई" म्हणत होती, पण म्हणण्याआधी थोडी थांबत होती. जणू तिला काही विचारायचं होतं आणि राहून जात होतं.

शनिवारी जेवताना तिनं रोहितला सारं सांगितलं.

"सोडून दे मंग," तो म्हणाला. "देव काय हजेरी घेऊन राहिला का? तुले बसल्या बसल्या झोप लागते. माणूस हायस तू."

"सोडतोच हाय. पाळकसाहेबांना सांगतो, दुसऱ्या कोणाले द्या म्हणून. पण आधी काकांना सांगावं लागंन."

"फोन कर."

"म्हाताऱ्या माणसाले खोटं वाचून दाखवलं, ते फोनवर कसं सांगू?"

रोहितनं भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या ताटात ठेवली. मग म्हणाला, "उद्या संध्याकाळचे डबे नाहीत. जाऊन ये. प्रतीक्षाले मी पाहतो."

रविवारी ती खुशीला घेऊन अमरावतीच्या गाडीत बसली. ठरवून टाकलं होतं, पावणेतीनची पाळी आज त्यांच्यासमोर बसूनच वाचायची, मंगळवारचं सांगून टाकायचं आणि पाळी परत करायची. ठरवल्यावर मन हलकं व्हायला पाहिजे होतं. ते झालं नाही. पर्समधलं पुस्तक मांडीवर जड लागत होतं आणि आता हे परत कपाटावर जाणार म्हणून तिला रडायला येत होतं. खिडकीबाहेर तुरीला पिवळा फुलोरा आला होता, कपाशीच्या शेतात बाया दिसत होत्या. खुशी तिच्या दंडावर झोपली. बडनेऱ्यापर्यंत प्राजक्ताही झोपत, जागी होत राहिली, आणि प्रत्येक वेळी डोळे उघडले की बाहेर तेच शेत, त्याच बाया, असं तिला वाटत राहिलं.

राजापेठेतून ऑटो करून ती पत्त्यावर पोचली तेव्हा अडीच वाजत आले होते. तिनं कडी वाजवायच्या आधीच दार उघडलं. दारात तिशीतली एक बाई उभी होती. घडी मोडलेली कोरी साडी, केसांत शेवंती, कपाळावर घाम. तिनं प्राजक्ताकडे पाहिलं, मग तिच्या मागं रस्त्याकडे पाहिलं, आणि तिचं तोंड उतरलं.

"कोण पाहिजे?"

"मी अकोल्याची. प्राजक्ता. शेषराव आप्पांना फोनवर वाचून दाखवतो ती."

बाईचा हात तोंडावर गेला. "तुमी? अगं माय. या ना ताई, आत या. मी आरती. आप्पांची सून."

आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. अर्धी खोली संत्र्यांनी भरली होती. वाळलेल्या तणसावर त्यांचा ढीग आणि बाजूला तीन क्रेट, मोठ्या, मधल्या, बारक्या फळांची. आरतीचा नवरा अमोल शेंदूरजनाघाटहून माल आणायचा, ती घरी बसून निवडायची आणि तो बाजारात न्यायचा. सगळ्या घराला सालीचा वास लागला होता, थोडा गोड, थोडा कडू. खुशीची झोप तिथंच उडाली. आरतीनं तिच्या हातात एक संत्रं दिलं आणि ती ढिगाशेजारी फतकल मारून बसली.

खिडकीजवळच्या आरामखुर्चीत शेषराव आप्पा होते. पांढरा सदरा, गुडघ्यांवर हात, जाड भिंगाचा चष्मा उजेडाकडे वळलेला.

"सलाम काका," प्राजक्ता म्हणाली.

आप्पा खिडकीबाहेर पाहत राहिले.

"सलाम काका," ती मोठ्यानं म्हणाली. आप्पांनी मान हलवली नाही. तिनं आरतीकडे पाहिलं. आरती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"त्यायले ऐकू येत नाही, ताई."

"म्हणजे?"

"दिवाळीपासून. कानाचं मशीन बिघडलं. हे म्हणतात नीट करून आणतो, पण हंगामात कोणाले फुरसत हाय."

"अन् मी रोज वाचतो ते?"

आरती खाली बसली, ढिगातलं एक संत्रं उचललं, आणि त्याच्याकडे पाहतच बोलली.

"ते मी ऐकतो. फोन स्पीकरवर ठेवतो अन् माल निवडत राहतो. तुमचं झालं की आप्पांच्या गुडघ्याले हात लावतो, मंग ते आमेन म्हणतात. मंग मी पुढच्या घरी फोन करतो, आप्पांचं झालं म्हणून." तिनं संत्रं मधल्या क्रेटमध्ये टाकलं. टप. "खोटंच हाय ते. पण मंडळीत सांगितलं असतं तं त्यायचं नाव काढलं असतं. पन्नास वर्षं ते एक दिवस चुकले नाहीत साखळीत. तुमाले राग आला का?"

रागवायचं तोंड कुठं होतं प्राजक्ताला? आपला एक गुन्हा कबूल करायला ती नव्वद किलोमीटर आली होती, तर इथं दुसरा तयारच होता. तिला हसू आलं, आणि हसता हसता ती आरतीच्या शेजारी तणसावर टेकली.

"नाही आला," ती म्हणाली. "तू ऐकत होती ना. कोणी तरी ऐकत होतं."

"मी एकही दिवस सोडला नाही, ताई." आरतीची जीभ एकदम मोकळी झाली. "मी मोर्शीची. आमच्या घरी शेती, बगीचा, देवघर, सारं. यांच्याशी लगन केलं तं माहेर तुटलं. सहा वर्षं झाली. इथं कोणी मले वाईट वागवलं नाही, खोटं कावून बोलू. पण हे पुस्तक माह्यं हाय असं मले कधी वाटलं नाही. कोणी वाच नको म्हटलं नाही, अन् वाच बी म्हटलं नाही. अन् दोन पोरी, हा माल, आप्पांचं सारं, मले तरी कुठं वेळ होता. तुमचा फोन यायचा तं हात कामात अन् कान रिकामे. तेवढा पाव तास माहा होता."

प्राजक्ताला गलबलून आलं. आपल्याला नाही मिळत, नाही मिळत म्हणून ती ज्या पाव तासाशी रोज झटत होती, तो इथं दुसरीच कोणी पोटभर जेवत होती. आता पाळी सोडते म्हणून हिला कसं सांगायचं?

"त्या मंगळवारची गोष्ट," आरती म्हणाली. "ती सरवा वेचणारी. तुमी नंतर पुढं वाचलंच नाही. मी रोज वाट पाहून राहिली."

प्राजक्तानं पर्स मांडीवर ओढली. "कुठवर वाचलं होतं मी?"

"तुमाले नाही आठवत?"

"तू सांग."

आरतीनं हातातलं संत्रं मांडीवर ठेवलं. "ती दिवसभर वेचते. मंग थकते अन् धुऱ्यावर बसते, अन् तिले झोप लागते. मुकादम तिले उठवायले जाते, तं मालक म्हणते, उठवू नका तिले. लय दुरून आली हाय, मायचं गाव सोडून. जो कोणी जवळून जाईन त्यानं तिच्या ओटीत मूठभर टाकायचं अन् पुढं जायचं. मंग सारे टाकतात. बिनआवाजानं. अन् ती उठते तं ओटी भरलेली, अन् समोर तिची माय बसलेली. पायात चप्पल नाही. एका पायानं लंगडते ती. पायी आली, साऱ्या गावाले विचारत विचारत, माही पोरगी कुठं हाय म्हणून. अन् म्हणते, मले उशीर झाला बाई, मी चुकली वाट." आरतीचा आवाज बारीक झाला. "तिथं तुमी थांबल्या. मले तं वाटलं तुमीबी रडून राहिल्या."

प्राजक्ताची माय एका पायानं लंगडायची. शेवटच्या वर्षी चप्पल घालायची नाही, पाय सुजायचे म्हणून. चार वर्षांत एकदा तरी मायनं स्वप्नात यावं म्हणून ती किती तरसली होती. आणि माय आली ती अशी, आपल्याला न भेटता, इथं या परक्या पोरीकडे. तिचे डोळे वाहायला लागले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"तुमालेबी तसंच होते न?" आरती म्हणाली. "मी त्याच दुपारी मायले फोन लावला. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, देवाच्या पुस्तकात माय येते, तं मी एक फोन तरी करून पाहावं."

"काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही. पण ठेवला नाही तिनं फोन. मी निवडत राहिली, ती ऐकत राहिली."

सांगायचं ते प्राजक्ताच्या ओठांवर आलं आणि तिथंच थांबलं. मायची शिकवण एकीकडे होती आणि हे समोर बसलेलं तोंड दुसरीकडे. खुशी साल सोलत होती. घड्याळात पावणेतीन व्हायला दोन मिनिटं होती.

"कोण आलं?" आप्पांनी खिडकीकडून मान वळवली. न ऐकणारी माणसं बोलतात तसं, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.

आरतीनं कोपऱ्यातली पाटी घेतली, मोठ्या अक्षरांत 'अकोल्याची ताई' लिहिलं आणि त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. पाटी नाकाला टेकवून आप्पांनी एकेक अक्षर लावलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"पाव तासाची बाई होय? ये, ये. अशी उजेडात बस. हिनं सांगितलं असन तुले, मले ऐकू येत नाही. पण हिले वाटते, मले काही समजतच नाही." ते सुनेकडे पाहून हसले. "मी हिच्या तोंडाकडे पाहत राहतो. अक्षर दिसत नाही मले, तोंड दिसते. साठ वर्षं वाचलं ते पुस्तक. कुठं माणूस हसते, कुठं गुमसुम होते, कुठं त्याले कंटाळा येते, सारं पाठ हाय. थोड्या वेळात मले समजते, आता कोणतं चालू हाय. स्तोत्रं चालू हायत न सध्या?"

प्राजक्तानं मान हलवली.

"पाहा. पण मंगळवारी मी पार गडबडलो. दुष्काळ लागला, सासू-सून लागली, शेत लागलं. इथवर बरोबर. अन् मंग हे पोरगी हातातलं संत्रं तसंच धरून रडायले लागली. त्या जागी रडायसारखं काही नाही, बाई. मी पाच दिवस आगं-मागं सारं पुस्तक मनात उलटून पाहिलं. मले सापडला नाही. तो अध्याय कोणता होता?"

आरतीनं प्राजक्ताकडे पाहिलं. आप्पाही पाहत होते. आता पळवाट नव्हती. आणि एकदा तसं कळल्यावर प्राजक्ताला भीतीही वाटेनाशी झाली. आप्पांना ऐकू येणार नव्हतंच. तिनं आरतीकडे तोंड केलं.

"तो यात नाही, आरती. मी झोपली होती. पुस्तक पाण्यात पडलं होतं अन् मी झोपेत बोलून राहिली होती. मालकानं तिच्यासाठी कणसं टाकायले लावली, ते यात हाय. पण तिचं ते झोपणं नाही. ते माह्या स्वप्नातलं हाय. ती लंगडणारी माय माही होती. तुले तेच सांगायले आली मी, अन् पाळी सोडतो म्हणून सांगायले."

आरतीनं ढिगातलं एक मोठं संत्रं उचललं आणि बारक्यांच्या क्रेटमध्ये टाकलं. कळल्यावर परत काढून मोठ्यांत ठेवलं.

"म्हणजे यात तिची माय येत नाही?"

"नाही येत."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

आरती उठून उभी राहिली. तिनं नव्या साडीच्या निऱ्या सारख्या केल्या, दाराकडे पाहिलं, मग प्राजक्ताकडे.

"मंग आता कसं?" ती म्हणाली. "माही माय तं मले फोन करून सकाळीच निंघाली मोर्शीहून."

आप्पा खुर्चीत पुढं झुकले होते. सुनेच्या तोंडावर रोखलेला चष्मा त्यांनी हलवला नव्हता.

"हाच," ते एकदम म्हणाले. "हाच तो मंगळवारचा अध्याय. वाच बाई पुढं, पावणेतीन झाले."